इंदूर नगर निगमाचे (महापालिकेचे) अंदाजपत्रक : गल्लीतल्या ड्रेनेजसाठी कुठे आणि केव्हा बोलायचे?

लोकमान्यनगरवासी : आमच्या गल्लीतली ड्रेनेजची लाईन बैठ्या घरांच्या काळातली आहे, आता त्याच जागांवर तीन-तीन मजले चढले आहेत. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज पार्षदांना (नगरसेवकांना) द्यायचा आहे, तो अंदाजपत्रक परिषदेत आल्यावर दिला तर चालेल का? शिवाय सौर प्रकल्पासाठी रोख्यांतून 244 कोटी उभे राहतात, मग दोनशे मीटर लाईनला पैसा का नाही, या मुलांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

जुना हिशेबनीस : घोळ दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून आधी तोच घेतो. फेब्रुवारी 2023 मधले हरित रोखे म्हणजे, नर्मदेचे पाणी जिथून उपसले जाते त्या जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पासाठी काढलेले कर्ज आहे, 8.25 टक्के व्याजाचे. ते गल्लीत वळवता येत नाही. वित्त आयोगाचे बांधील अनुदानही ठरवून दिलेल्या कामांपुरतेच वापरता येते. आपल्या कामाचा पैसा मुख्यतः संपत्तीकर, जलकर आणि राज्याकडून मिळणारी चुंगी क्षतिपूर्ती (जकात बंद झाल्याची भरपाई) यांतून यायचा. त्यातून आधी पगार, निवृत्तिवेतन आणि नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरून चढवून आणण्याचे वीजबिल भागवावे लागते. उरेल त्यावर 85 वॉर्डांचा डोळा.

आयुक्त अंदाज तयार करतात, मेयर-इन-कौन्सिल (महापौर आणि त्यांनी निवडलेल्या पार्षदांची समिती) तो तपासते आणि मग तो परिषदेपुढे येतो. तोवर शीर्षे (खर्चाचे ठरावीक रकाने) बहुतेक ठरलेली असतात, म्हणून दिवाळीचे दिवे उतरले की अर्ज द्यावा आणि झोनच्या उपयंत्र्याकडून (कनिष्ठ अभियंत्याकडून) लांबी, पाइपाचा व्यास व खर्च काढून घेऊन तो कागद सोबत जोडावा. नुसते ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ लिहिलेल्या कागदाला कुठल्या शीर्षात बसवणार?

रामबागची सून : तरतूद मिळाली म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. लग्नाच्या यादीत लिहिलेले सगळे कुठे खरेदी होते! अंदाजपत्रकात येत्या वर्षाच्या तरतुदीशेजारी चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि मागचा प्रत्यक्ष खर्चही असतो, तो आधी वाचावा. ड्रेनेजच्या शीर्षात दरवर्षी मोठा आकडा आणि खर्च त्याच्या निम्मा दिसला, तर पार्षदांना जास्त तरतूद मागण्याऐवजी निविदा कुठे अडते, हे विचारणे बरे.

लोकमान्यनगरवासी : सौर विजेमुळे वाचणारा पैसा तरी वॉर्डांना मिळावा, असे म्हणता येईल का?

जुना हिशेबनीस : जरूर म्हणावे, पण वीजबिलातल्या घटीतून रोख्यांचे व्याज आणि मुद्दलाचा हप्ता वजा करून उरेल तेवढ्यावरच बोट ठेवावे.