वरण शिजत नाही, डाळ जुनी की पाणी जड?

क्रॉयडनहून, नवा सभासद

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरपासून लंडनमधल्या क्रॉयडनला राहतो. अडचण रोजच्या वरणाची आहे. कुकरच्या सहा-सात शिट्ट्या झाल्या तरी डाळ रवीखाली मोडत नाही. तळाशी दाणे आणि वर पिवळं पाणी. मी लातूरकडचा, तुरीच्या मुलखात वाढलो. घरी चार शिट्ट्यांत डाळीचं लोणी झालेलं पाहिलंय.

आई फोनवर म्हणते, मीठ आधी घालत असशील. तसं करत नाही. मात्र संध्याकाळी वेळ कमी असतो, म्हणून टोमॅटो, चिंच आणि गूळ डाळीबरोबरच कुकरमध्ये टाकतो. कुकर गावाकडून आणलेला, शेगडी इथली, काचेची, विजेची. डाळ इथल्याच दुकानातली, पाच किलोची पिशवी, अजून अर्धी बाकी आहे. मुलगी दीड वर्षाची आहे, तिला गुरगुट्या वरणभातच लागतो. कोणी सांगाल का?

उत्तर: पूर्वी ग्लासगो, आता लंडन

तुला अरेतुरे करते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

तुझ्या हाताचा दोष नाही, हे आधी ऐक. मी अकरा वर्षं ग्लासगोत होते. तिथलं पाणी लॉक कॅट्रिन तळ्यातून येतं, १८५९ पासून, आणि ते इतकं हलकं की साबणाचा फेस धुता धुवत नाही. तिथे माझी डाळ पटकन शिजायची. लंडनला आले आणि त्याच कुकरात, त्याच हातानं केलेलं वरण फुटेना. मी महिनाभर स्वतःला बोल लावले. मग किटलीच्या तळाचा पांढरा थर पाहिला आणि गावची आठवण झाली. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणतात ना? तेच हे. लंडन आणि आसपासचा भाग चुनखडीवर बसलेला आहे, त्यामुळे नळाच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आसपास चुना म्हण. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं, त्याला हे कॅल्शियम घट्ट करतं. ते विरघळलं नाही की दाणा फुगतो, पण फुटत नाही.

डाळीला गाळणीच्या जगमधलं पाणी वापर, ब्रिटासारखा कुठलाही जग चालेल. त्यातला फिल्टर चुना बराच कमी करतो. जग नसेल तर वाटीभर डाळीला चिमटीत मावेल एवढाच खायचा सोडा. जास्त घातलास तर डाळ बुळबुळीत होते, साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व नासतं. मुलीच्या वरणात सोडा नको, तिच्यासाठी जगचंच पाणी.

आता टोमॅटो-चिंचेचं. हे मात्र तुला थांबवायलाच हवं. आंबट पदार्थ डाळीला मऊ होऊ देत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो, सगळं डाळ घोटून झाल्यावर. गूळही नंतरच, तोही दाणा आवळून धरतो. मिठाविषयी आईंचा गैरसमज आहे, पण तो आपल्या सगळ्यांच्या आयांचा आहे. मीठ इतका त्रास देत नाही. उलट चणे-राजमा भिजवायच्या पाण्यात चमचाभर मीठ घातलं तर साल लवकर मऊ होते. मी गेली कित्येक वर्षं तसंच करते.

आणि शिट्ट्या मोजू नकोस, मिनिटं मोज. काचेची शेगडी उशिरा तापते आणि आच कमी केली तरी बराच वेळ तापलेलीच राहते, त्यामुळे इथल्या सात शिट्ट्या म्हणजे घरच्या सात नव्हेत. पहिली शिट्टी झाली की कुकर दोन मिनिटं बाजूला सरकव, तोवर आच अगदी मंद कर, मग परत ठेवून दहा मिनिटं. डाळ आधी अर्धा-पाऊण तास कोमट पाण्यात भिजलेली असू दे. हिंग, हळद, थेंबभर तेल हवं तर सुरुवातीलाच घाल, तेलानं फेस वर येत नाही. वाफ आपोआप जिरू दे.

उत्तर: हॅरो

काकूंनी राजम्याचं नाव काढलं म्हणून लिहितो. नव्यानं आलेल्या मंडळींनी कृपया हे वाचा.

आमच्याकडे एका हिवाळ्यात राजमा रात्रभर भिजवून, न उकळता, सकाळी थेट स्लो कुकरमध्ये मंद आचेवर लावला. संध्याकाळी आलो, दाणे जरा कडक होते, तरी जेवलो. दोन तासांत चौघांनाही उलट्या सुरू झाल्या. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं. खळखळत्या उकळीनं ते मरतं, पण स्लो कुकरच्या मंद उष्णतेनं मरत नाही, उलट वाढूही शकतं. म्हणून रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं जोरात उकळवा, आणि मगच स्लो कुकर. आपला शिट्टीचा कुकर असेल तर काळजी नाही. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो.

क्रॉयडनहून

काकू, दादा, दोघांचेही मनापासून आभार.

काल जगचं पाणी घेतलं, डाळ पाऊण तास भिजवली, आंबट काही घातलं नाही. दहा मिनिटांनी झाकण उघडलं तर डाळ चमच्यानं मोडत होती, पण अगदी लोणी नाही, थोडे दाणे राहिले. मुलीनं मात्र दोनदा मागून घेतलं. बायकोनं मग वाटीत फोडणीची आमटी वेगळी केली, चिंच-गूळ शेवटी. राजम्याचं वाचून हात थरथरला, कारण शनिवारी नेमका तसाच लावणार होतो. थोडे दाणे राहिले ते कशानं?

उत्तर: पूर्वी ग्लासगो, आता लंडन

ते डाळ जुनी असल्यानं. पाच किलोची पिशवी दोघातिघांना संपत नाही. दुकानात किती दिवस पडून होती ते कोणाला ठाऊक? जुना दाणा कितीही शिजवला तरी आतून कडक राहतो. पुढच्या वेळी एकच किलो घे. तेल लावलेली मिळाली तर गरम पाण्यानं दोनतीनदा धुऊन घे.

राहिलेली अडीच किलो टाकू नकोस. चार तास भिजवून, आलं-मिरची घालून जाडसर वाट आणि वडे तळ. वाटलेल्या डाळीला आख्ख्या दाण्यासारखं मऊ व्हावं लागत नाही. थोडी कोरडीच मंद आचेवर खमंग भाजून, सुकी लाल मिरची, लसूण आणि मीठ घालून कुटलीस तर भाकरीबरोबर चटणी होते. मुलीला ती तिखट होईल, तिच्यासाठी मुगाची डाळ आण. ती या पाण्यातही पटकन शिजते.