बांधकाम क्षेत्रासाठी ईटीएफ घ्यायचा, तर नेमका कोणता?

ओळंबा:
मी गेली अकरा वर्षे पुण्यात गृहप्रकल्प उभारणाऱ्या एका कंपनीत साइट इंजिनिअर म्हणून काम करतो. सिमेंट, सळई आणि आरएमसीचे (तयार काँक्रीटचे) दर रोज डोळ्यांखालून जात असल्याने, गुंतवणूक करायचीच तर ती ओळखीच्या धंद्यात करावी, असे मनाने घेतले आहे. एकेका कंपनीचा ताळेबंद वाचत बसण्याइतकी सवड नाही, म्हणून ईटीएफचा, म्हणजे एखाद्या निर्देशांकातील शेअर एकत्र घेणाऱ्या आणि शेअर बाजारात विकत मिळणाऱ्या फंडाचा, विचार आहे. दरमहा आठ हजार रुपये, किमान सात वर्षांसाठी.

दोन पर्याय दिसले: निप्पॉन इंडियाचा निफ्टी इन्फ्रास्ट्रक्चर बीज आणि मोतीलाल ओसवालचा निफ्टी रिअल्टी ईटीएफ. पहिल्याची यादी उघडली, तर वरच्या नावांत लार्सन अँड टुब्रोच्या जोडीला रिलायन्स आणि भारती एअरटेल. मोबाइलचे रिचार्ज आणि स्लॅब यांचा संबंध मला उमगला नाही. माझे काही चुकते आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मुद्दल:
आपले काहीच चुकलेले नाही. निफ्टी इन्फ्रास्ट्रक्चर निर्देशांकाच्या व्याख्येत दूरसंचार, वीज, बंदरे, विमानवाहतूक, रस्ते, रेल्वे, जहाजवाहतूक हे सगळे येते. तीस कंपन्या असल्या, तरी बाजारमूल्यानुसार भार ठरत असल्यामुळे सर्वांत मोठा वाटा दोन-तीन बड्या कंपन्याच घेऊन जातात, आणि त्यांतली शब्दशः बांधकाम करणारी एकच, लार्सन. तिच्याही उत्पन्नात माहिती तंत्रज्ञानाच्या उपकंपन्यांचा मोठा हिस्सा आहे. अल्ट्राटेकसारखे सिमेंट यादीत आहे, पण या फंडाला बांधकामाचा फंड म्हणणे म्हणजे मिसळीला मटकीची उसळ म्हणण्यासारखे आहे.

निफ्टी रिअल्टी याच्या अगदी उलट आहे. तेथे दहाच कंपन्या, आणि डीएलएफ, लोढा, गोदरेज प्रॉपर्टीज, ओबेरॉय, प्रेस्टिज अशी विकासकांचीच नावे. कंत्राटदार नाहीत, सिमेंट नाही, फरशी नाही, रंग नाही. सेबीच्या २०१९ च्या नियमांनुसार क्षेत्रीय निर्देशांकावर ईटीएफ काढायचा, तर त्यात किमान दहा कंपन्या असाव्या लागतात, एका शेअरचा भार ३५ टक्क्यांपुढे आणि पहिल्या तिघांचा मिळून ६५ टक्क्यांपुढे जाता कामा नये. ही मर्यादा बरीच सैल आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्याला साइटवरून माहीत असेलच. जे बांधताना दिसते, ते सगळे बाजारात विकत मिळत नाही. अटल सेतूच्या समुद्रावरील कामाची दोन पॅकेजे होती, एक लार्सनच्या गटाकडे आणि एक देवू व टाटा प्रोजेक्ट्स यांच्याकडे; पैकी टाटा प्रोजेक्ट्स शेअर बाजारात नोंदलेलीच नाही. मेघा इंजिनीअरिंगचेही तेच.

शिल्लक:
कोणता निर्देशांक घ्यावा, यावर मुद्दल यांनी सविस्तर लिहिले आहेच. मी फक्त खरेदीबद्दल लिहिते, कारण त्यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका क्षेत्रीय ईटीएफचे नाव मी घेत नाही, पण बाजार उघडल्या उघडल्या, सव्वानऊला, मी त्यात मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकली. त्या वेळी आयएनएव्ही, म्हणजे आतल्या शेअरांच्या चालू भावावरून निघणारे एका युनिटचे मूल्य, १०४ रुपयांच्या आसपास दिसत होती, आणि माझा सौदा १०७ रुपये ९० पैशांना झाला. विक्रेत्यांच्या बाजूला वरच्या भावाची मोजकी युनिट्स होती, ती माझ्या ऑर्डरने उचलली, इतकेच. वर्षभराचा खर्च ०.४० टक्के की ०.५० टक्के, यावर मी आदल्या रात्री तासभर घासाघीस केली होती, आणि सकाळी अर्ध्या मिनिटात साडेतीन टक्क्यांहून अधिक घालवून बसले.

त्यामुळे कमाल भाव ठरवून दिलेली लिमिट ऑर्डरच टाकावी, भाव आयएनएव्हीशी ताडून पाहावा, आणि पहिली व शेवटची पंधरा-वीस मिनिटे टाळावीत. फंड घराण्याकडून थेट युनिट्स घेण्याचा रस्ता २५ कोटींवरच्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे आपल्यासाठी बाजाराचीच वाट. दरमहा ठरावीक रक्कम गुंतवायची असेल, तर याच रिअल्टी निर्देशांकावर एचडीएफसीचा इंडेक्स फंडही आहे. त्यात डीमॅटची गरज नाही आणि दिवसअखेरच्या एनएव्हीलाच (युनिटच्या मूल्यालाच) युनिट्स मिळतात. कर दोन्हींना सारखाच आहे: वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के, वर्षानंतर सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के.

जुना खातेदार:
माझा आक्षेप मूळ विचारालाच आहे, राग मानू नये. ज्या धंद्यातून आपला पगार येतो, त्याच धंद्यात बचतही ठेवली, तर मंदीत दोन्ही एकदमच आटतील. जानेवारी २००८ च्या शिखरावरून मार्च २००९ पर्यंत रिअल्टी निर्देशांक सुमारे ९० टक्के घसरला होता. शंभराचे दहा झाले, की पुन्हा शंभर व्हायला दहापट वाढ लागते, आणि २०२४ च्या तेजीतही ते जुने शिखर ओलांडले गेले नव्हते. त्याच काळात साइट्स बंद पडल्या, इंजिनिअरांचे पगार रखडले. मी तेव्हा ठाण्यात एका बिल्डरकडे हिशेबनीस होतो आणि कामगारांचा पगार दोन हप्त्यांत वाटलेला मला आठवतो. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या आयएल अँड एफएसने देणी थकवली, तेव्हा बिगर-बँक वित्त कंपन्यांकडून बिल्डरांना मिळणारा पैसा आटला, आणि अनेक ठिकाणी तीच गत पुन्हा झाली.

ओळखीचा धंदा म्हणून जे वाटते, तेही अर्धेच खरे आहे. आपल्याला सळईचा दर कळतो. विकासकाच्या नफ्याचा हिशेब मात्र निराळा चालतो. बुकिंगचे पैसे आधी येतात, पण महसूल बहुधा ताबा देण्याच्या सुमारास दाखवला जातो. ज्या ओसीसाठी (भोगवटा प्रमाणपत्रासाठी) आपण महापालिकेत खेटे घालता, ती एका तिमाहीने लांबली, तर त्या तिमाहीचा नफा कोसळल्यासारखा दिसतो, आणि पुढच्या तिमाहीत उसळल्यासारखा. म्हणून पीई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे ते) पाहून स्वस्त-महाग ठरवू नये. विक्रीपूर्व बुकिंग आणि कर्ज पाहावे. कंत्राटदारांच्या बाबतीत तर आरए बिल (झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याने काढलेले बिल) किती महिने अडकते, हे आपण माझ्याहून चांगले सांगाल.

ओळंबा:
तिघांचेही आभार. आरए बिलाबद्दल बोलू नये, हेच बरे. आमच्याकडे पूर्वी पंचेचाळीस दिवस धरायचे, आता नव्वद झाले तरी कोणी चकार शब्द काढत नाही. जुना खातेदार यांचे उत्तर वाचून मी गप्पच झालो, कारण एक गोष्ट लिहायची राहिली होती: माझा स्वतःचा फ्लॅट माझ्याच कंपनीच्या प्रकल्पात बुक आहे, आणि गृहकर्जाचे हप्तेही सुरू आहेत. म्हणजे पगार, घर आणि आता बचत, तिन्ही एकाच पायावर उभी राहणार होती.

तूर्त आठ हजारांपैकी सात हजार साध्या निफ्टी ५० इंडेक्स फंडात, आणि हौसेचे एक हजार रिअल्टी इंडेक्स फंडात, असे ठरवले आहे. हौसेचे एक हजारही चालतील ना?

जुना खातेदार:
चालतील. फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत मात्र ते वाढवू नका.