शब्दचर्चा : ‘कन्फॉर्मिटी’ला काय म्हणावं? आणि ‘आम्ही’ की ‘आपण’?

प्रश्न : डिस्टोपियन कादंबऱ्यांवर, म्हणजे दडपशाहीच्या काल्पनिक जगांच्या कादंबऱ्यांवर, लेख लिहिते आहे. एका बाजूला माणसाचं वेगळेपण आणि सर्जनाचं स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला ‘कन्फॉर्मिटी’, म्हणजे सगळ्यांनी एकसारखं असणं-वागणं. शब्दकोशात ‘अनुरूपता’ सापडतं, पण वाक्यात घातलं की बेंगरूळ दिसतं. ‘इंडिव्हिज्युअ‍ॅलिटी’ला व्यक्तिमत्व म्हणावं की व्यक्तिवाद, तिथेही अडले आहे.

प्रतिसाद : अनुरूपता नकोच. अनुरूप म्हणजे साजेसा, शोभणारा. त्यात जबरदस्तीचा वासही नाही. ‘गतानुगतिकता’ भारदस्त आहे, पण त्यात जुन्या वाटेनं डोळे मिटून चालणं येतं आणि या कादंबऱ्यांतल्या राजवटी तर बहुतेक जुनं पुसूनच उभ्या राहतात. ‘एकसाचीपणा’ घ्या. व्यक्तिवाद ही विचारसरणी झाली. माणूस दुसऱ्यासारखा नाही, एवढंच सांगायचं तर तुम्हीच वर लिहिलेलं ‘वेगळेपण’ काय वाईट आहे?

प्रतिसाद : एकसाचीपणा हे फलित झालं. क्रिया कोणती? ‘री ओढणे’, ‘मम म्हणणे’, ‘निमूट राहणे’ यांत माणूस आधी वेगळा असतो, मग भीतीपोटी किंवा सोयीपोटी वाकतो. ऑर्वेलच्या ‘१९८४’ला ही क्रियापदं चालतात. त्यातला नायक विन्स्टन चोरून डायरी लिहितो आणि चारचौघांत सगळ्यांची री ओढतो. हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ला (१९३२) ती लागू पडत नाहीत. तिथली माणसं बाटल्यांत वाढवलेली, झोपेत धडे ऐकून मोठी झालेली. ती बहुतेक मजेत असतात, वाकायचा प्रश्नच येत नाही. म्हणून ऑर्वेलकडे ‘साच्यात बसवलेला’ आणि हक्सलीकडे ‘साच्यात घडलेला’. एकच नाम दोघांना लावलंत तर लेखातला निम्मा मुद्दा जाईल.

प्रश्नकर्ती : हा फरक वापरते. सर्जनासाठी मी ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ लिहिलं आहे, ते चालेल?

प्रतिसाद : कमी पडतं. अभिव्यक्ती म्हणजे मनात आलेलं बाहेर येणं. रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘आम्ही’ या कादंबरीत (लेखन १९२०-२१, रशियात छापून आली थेट १९८८ साली) सत्तेला ते मनात येणंच नको आहे. कल्पनाशक्ती हा आजार ठरतो आणि त्यावर शस्त्रक्रिया निघते. ऑर्वेलकडे कादंबऱ्या यंत्रांवर तयार होतात, गाणीही. म्हणजे पुस्तकं भरपूर, लेखक मात्र नाही. ‘निर्मितिस्वातंत्र्य’ म्हणा. जाता जाता : ऑर्वेलच्या न्यूस्पीकमध्ये (‘१९८४’मधल्या राजवटीनं घडवलेल्या भाषेत) एकट्यानं फिरायला जाण्याच्या आवडीलाही संशयाची छटा असलेला शब्द आहे, ‘ओनलाइफ’. त्याचं ‘स्वजीवन’ करू नका, फार सोवळं वाटतं. ‘एकलकोंडेपणा’ बरा. तो मराठीतही कुणी कौतुकानं म्हणत नाही.

प्रतिसाद : वर झाम्यातिनच्या कादंबरीचं नाव सहज ‘आम्ही’ असं लिहिलं गेलंय. ‘आपण’ का नाही? रशियनमध्ये दोन्हींना एकच सर्वनाम. (त्याचा उच्चार मराठी ‘मी’च्या जवळ जातो, ही आणखी गंमत.) मराठीत मात्र निवड करावीच लागते. ‘आपण’मध्ये ऐकणारा आत असतो, ‘आम्ही’त बाहेर. निवेदक डी-५०३ आपल्या नोंदी परग्रहावरच्या अनोळखी वाचकांसाठी लिहितो, म्हणून शीर्षकाला ‘आम्ही’ योग्य. पण सत्ता नागरिकाशी बोलते तिथे मी ‘आपण’च वापरेन. ‘आम्ही सुखी आहोत’ म्हटलं तर ऐकणारा निदान ‘असाल बुवा’ म्हणू शकतो. ‘आपण सुखी आहोत’मध्ये त्याला विचारायच्या आधीच मोजून घेतलेलं असतं. एकसाचीपणाला नाम शोधत बसण्यापेक्षा हे सर्वनाम वापरा, जास्त काम करेल.

प्रतिसाद : क्रियापदही पाहा. आयन रँडच्या ‘अँथम’मध्ये (१९३८) ‘मी’ हा शब्दच नाहीसा झालेला असतो, एकटा माणूसही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. मराठीत पुरुषाच्या तोंडी ‘मी जातो’ आणि ‘आम्ही जातो’ यांत क्रियापद तेच राहतं. सर्वनाम गाळलं तर तो कोणत्या जगात आहे हे कळणारही नाही. बाईच्या तोंडी मात्र ‘आम्ही जातो’चं ‘मी जाते’ होतं. त्या कादंबरीतली नायिका ‘आमचं तुमच्यावर प्रेम आहे’ असं म्हणते आणि तिला स्वतःलाच ते अपुरं वाटतं. मराठीत ‘प्रेम करतो’पासून ‘प्रेम करते’पर्यंतचा तिचा प्रवास एका मात्रेत दाखवता येईल, ‘मी’ न उच्चारता. इंग्रजी मूळात ही सोय नाही.

प्रतिसाद : भविष्यकाळात ही युक्ती उलटते. ‘मी जाईन’ आणि ‘आम्ही जाऊ’, पुरुष असो वा बाई, दोघांचंही क्रियापद वेगळं. म्हणजे असल्या राजवटीत पुरुषानं उद्याबद्दल बोलताना जास्त सांभाळावं!

प्रश्नकर्ती : मग लेखात नाम म्हणून ‘एकसाचीपणा’ एकदाच, शीर्षकात. पुढे ‘बसवलेला’, ‘घडलेला’ आणि सर्वनामांचा वेगळा परिच्छेद. आभार.

प्रतिसाद : प्रश्नात ‘व्यक्तिमत्व’ पडलंय. ‘व्यक्तिमत्त्व’ हवं, दोन त.