वाचनालयात वेब डेव्हलपमेंटचा मोफत वर्ग सुरू करायचाय, काय शिकवावं आणि कसं?

बार्शीकर_०७
नमस्कार मंडळी, मी फ्रंटएंडचं (वेबसाइटच्या डोळ्यांना दिसणाऱ्या बाजूचं) काम करतो, सध्या गावाकडूनच. आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा वरचा हॉल रविवारी सकाळी रिकामाच असतो आणि ग्रंथपाल काका म्हणाले तुम्ही शिकवत असाल तर खुशाल वापरा. शिकायला येणारी बहुतेक पोरं-पोरी बीए-बीकॉमची, शिवाय शेजारच्या दोन वहिनी आहेत ज्यांना घरगुती मसाल्यांच्या व्यवसायाचं पान स्वतः बनवायचंय. कुणालाच कोडिंगचा गंध नाही. फी एक रुपयाही घ्यायची नाही हे पक्कं.
आता अडचण अशी की वाचनालयाचे कॉम्प्युटर जुने आहेत, विंडोज ७ वाले, नेट कधी असतं कधी नसतं, आणि पालक पहिल्याच भेटीत विचारतात नोकरी लागेल का, त्यामुळे थेट रिअ‍ॅक्ट (वेब पानं बांधायची तयार लायब्ररी) घ्यावं की एचटीएमएलपासून (पानाचा सांगाडा लिहायची भाषा) सुरू करावं हे ठरत नाहीये. आणि मोफत म्हटलं की लोकं दोन रविवार येतात मग गायब होतात असं सगळे सांगतायत. ज्यांनी असे वर्ग चालवलेत त्यांनी कृपया मनापासून सांगा.

टॅगवाली_नाशिक
दादा आधी अभिनंदन, हॉल मिळाला म्हणजे निम्मं काम झालं. आम्ही काही जणी मिळून असा वर्ग चालवतो म्हणून सांगते, सिलॅबसवर फार डोकं खपवू नका, मदतीला माणसं किती आहेत ते आधी बघा. समोर वीस जण आणि फळ्यापाशी तुम्ही एकटे असं झालं तर मागच्या रांगेतली मुलगी अडकते, विचारायला लाजते आणि पुढच्या रविवारी येत नाही. गळती तिथूनच सुरू होते, फुकट आहे म्हणून नाही. जँगो गर्ल्स नावाची बायकांना कोडिंग शिकवणारी चळवळ २०१४ साली बर्लिनमध्ये सुरू झाली, त्यांच्या वर्कशॉपमध्ये साधारण तीन शिकणाऱ्यांमागे एक कोच असतो, आणि वर्ग कसा भरवायचा याचं त्यांचं मॅन्युअल कुणालाही फुकट वाचता येतं, ते जरूर वाचा. लंडनला २०१३ मध्ये सुरू झालेलं कोडबारही तसंच, एका शिकवणाऱ्याजवळ एक-दोघंच बसतात. तुमच्याकडे इतके कोच कुठून येणार म्हणाल, तर जवळच्या कॉलेजातली बीसीएस-बीसीएची शेवटच्या वर्षाची मुलं बोलवा, त्यांना शिकवायला आवडतं आणि शिकवताना त्यांचंही पक्कं होतं.

आणि पहिल्या दिवशी इतिहास, इंटरनेट म्हणजे काय वगैरे अजिबात नको. नोटपॅड उघडा, प्रत्येकीला स्वतःचं नाव एच१ मध्ये (मोठ्या मथळ्याच्या टॅगमध्ये) लिहू दे, खाली गावाबद्दल दोन ओळी, सेव्ह, ब्राउझरमध्ये उघड, झालं. इथे एक गोष्ट हमखास होते, ती आधीच सांगून ठेवते: विंडोज फाइलचं एक्स्टेन्शन (नावातला शेवटच्या डॉटनंतरचा भाग) लपवतं, त्यामुळे नोटपॅडमधून सेव्ह केलेली फाइल दिसते इंडेक्स डॉट एचटीएमएल आणि असते इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी. ब्राउझरमध्ये सगळे टॅग जसेच्या तसे दिसायला लागतात आणि पोरीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. म्हणून वर्गाआधी प्रत्येक मशीनवर फोल्डर ऑप्शनमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग चालू करून ठेवा. शिवाय सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि हेडमध्ये मेटा चारसेट टाका, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं नाहीतर भलतीच अक्षरं येतात.

कोल्हापुरी_डेव्ह
माझं मत थोडं वेगळं आहे. जाहिराती बघा, सगळीकडे रिअ‍ॅक्ट लागतं. गावातल्या पोरांकडे वेळ कमी असतो, घरचे किती महिने थांबतील? एचटीएमएल आठवडाभरात उरका आणि रिअ‍ॅक्टवर या, निदान इंटरव्ह्यूत बोलायला काहीतरी होईल.

जुनाखोड_पुणे
कोल्हापुरी भाऊ, तुमची कळकळ कळते पण मुलाखती घेणाऱ्यांपैकी मी आहे म्हणून सांगतो, रिअ‍ॅक्ट येतं म्हणणाऱ्या पोराला साधा फॉर्म दिला की लेबल आणि इनपुट जोडता येत नाही, बटणाच्या जागी डिव्ह (नुसता रिकामा चौकट-टॅग) टाकतो, अ‍ॅरेवर मॅप लावला तर काय परत येतं ते सांगता येत नाही. रिअ‍ॅक्ट म्हणजे शेवटी जावास्क्रिप्टच (पान हलतं-बोलतं करणारी भाषा), ती कच्ची असली की वरचं सगळं डळमळतं. पालकांना खरं सांगा की या वर्गातून लगेच नोकरी लागणार नाही, पाया तयार होईल आणि पुढचं स्वतः शिकता येईल. फ्रीकोडकॅम्पचा रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनचा कोर्स फुकट आहे, सर्टिफिकेटलाही पैसे नाहीत, घरी सरावाला तो द्या. अडलं तर एमडीएन ही संदर्भाची साइट बघायची सवय लावा.

मशीनचं म्हणाल तर विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते, व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरचंही तसंच, १.७० च्या पुढे नाही. शिकण्यापुरतं तेवढ्यावर भागतं पण सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तेव्हा काका परवानगी देत असतील तर हळूहळू लुबुंटूसारखं हलकं लिनक्स टाका. नेट नसेल त्या दिवसासाठी डेव्हडॉक्स साइट ब्राउझरमध्ये आधीच ऑफलाइन करून ठेवा, एचटीएमएल, सीएसएस (पानाची सजावट), जावास्क्रिप्टचे सगळे संदर्भ नेटशिवाय उघडतात. खरं तर हे तिन्ही शिकायला नेट लागतच नाही, फाइल आणि ब्राउझर बास.

बार्शीकर_०७
खूप आभार दोघांचेही, रिअ‍ॅक्टचा विषय मी बाजूला ठेवला. फोल्डर ऑप्शनचं आजच करून येतो. अजून एक विचारायचं होतं, वहिनींचं मसाल्याचं पान मराठीत हवंय आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर उघडायला हवं, त्याला खर्च न करता काय करता येईल? आणि मराठी पानात वेगळं काही शिकवावं लागतं का?

टॅगवाली_नाशिक
लागतं ना, आणि ते कुठल्याच इंग्रजी कोर्सात धड नसतं म्हणून तर आपले वर्ग हवेत. एचटीएमएल टॅगवर लँग म्हणून एमआर लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला त्यामुळे मराठी आवाज मिळू शकतो, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात, पोरांना हा बदल डोळ्यासमोर दाखवा, फार खूश होतात. दुसरं, मथळ्याला लेटर स्पेसिंग देऊ नका, शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. लाइन हाइट इंग्रजीपेक्षा जरा सैल ठेवा, एक ठेवली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतात. फॉन्ट 'मुक्त' (Mukta) नावाचा घ्या, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो.

जुनाखोड_पुणे
पान चढवायला गिटहब पेजेस (गिटहब साइटची पान नेटवर ठेवायची सोय) बघा, पब्लिक रिपॉझिटरी (सगळ्यांना दिसणारं फाइलींचं फोल्डर) असेल तर फुकट आहे, आणि पहिल्यांदा गिट कमांड शिकवायची गरज नाही, वेबसाइटवर जाऊन फाइल ओढून टाकली तरी चालतं. खातं काढायला वय किमान तेरा लागतं, शाळेची मुलं आली तर हे ध्यानात ठेवा. वहिनींना हेही सांगा की पब्लिक म्हणजे पान आणि कोड दोन्ही जगाला दिसणार, घरचा पत्ता टाकायचा की नाही ते त्यांनी ठरवावं, धंद्यासाठी वेगळा नंबर असेल तर उत्तम. आणि एक खोडी, विंडोजवर फोटोचं नाव छोट्या-मोठ्या अक्षरांत कसंही लिहिलं तरी चालतं, गिटहबवर नाही, फाइल मोठ्या अक्षरात जेपीजी आणि कोडमध्ये छोट्या असेल तर घरी फोटो दिसतो आणि चढवल्यावर गायब. सगळी नावं छोट्या अक्षरात, मध्ये स्पेस नाही, एवढा नियम फळ्यावर लिहून ठेवा. मोबाइलसाठी व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान मोबाइलच्या रुंदीत बसवणारा) विसरू नका, आणि फोटो थेट कॅमेऱ्यातून आलेला चार-पाच एमबीचा टाकू नका, गिऱ्हाइकाचं नेट स्लो असतं, आधी लहान करा.

सातारची_स्नेहल
मी अशाच एका मोफत वर्गात शिकले म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूने लिहिते. वेळ रविवारी सकाळची ठेवताय पण वहिनींना विचारलंय का? सकाळी पोळ्या, पाणी, पाहुणे सगळं त्यांच्याच अंगावर असतं, आमच्या वर्गात वेळ दुपारी तीनची केली तेव्हा बायका टिकल्या. लहान मूल घेऊन आली तरी चालेल असं बोर्डावर स्पष्ट लिहा, न लिहिता कुणी आणत नाही आणि मग स्वतःही येत नाही. आणि ज्यांच्याकडे घरी कॉम्प्युटर नाही त्यांना आठवड्यात मधे एखादी संध्याकाळ वाचनालयात सरावाला बसू द्या, काकांना तेवढं विचारा, कारण सात दिवस हात लावला नाही की सगळं पुसलं जातं. मोबाइलवर एकोड नावाचं अ‍ॅप आहे, त्यात फाइल लिहून तिथेच बघता येते, मी सीएसएस फ्लेक्सबॉक्सचा (पानावरच्या मांडणीच्या पद्धतीचा) बराचसा सराव त्याच्यावरच केलाय.

बार्शीकर_०७
स्नेहल ताई, वेळेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आज संध्याकाळी दोघींना विचारतो आणि दुपारी हॉल मिळतो का ते काकांशी बोलतो. बीसीएच्या मुलांसाठी कॉलेजात उद्या जातोय. बार्शी, कुर्डुवाडी, वैराग भागातलं कुणी इथे असेल आणि महिन्यातून एक रविवार जरी कोच म्हणून येऊ शकत असेल तर मेसेज करा, जेवण आमच्याकडे.