क्रांतीपूर्वी अमेरिकन वसाहतींतील लोकांत ‘आपण एक’ ही भावना कशी निर्माण झाली?

प्रश्न (इतिहासाचे अध्यापक, अंबाजोगाई)

नमस्कार. मी पदवीच्या विद्यार्थ्यांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवतो. अमेरिकन क्रांतीची साखळी बहुतेक मुलांना तोंडपाठ असते: छापील कागदांवर कर बसवणारा १७६५ चा मुद्रांक कायदा, डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा, एप्रिल १७७५ ची लेक्झिंग्टनची चकमक आणि ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. परंतु या वेळी वर्गातील एका विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला, त्याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाले नाही.

तिचे म्हणणे असे, की कर लादल्यामुळे लोक चिडले हे समजते. पण मॅसॅच्युसेट्समधील प्युरिटन परंपरेतला व्यापारी, पेनसिल्व्हेनियातील जर्मन शेतकरी आणि गुलामांकडून भातशेती करून घेणारा साउथ कॅरोलिनातील मळेवाला, हे तिघे स्वतःला एका समाजाचे घटक केव्हापासून आणि कशामुळे मानू लागले? त्यांचे धर्मपंथ वेगळे, शेतीव्यवहार वेगळे, शिवाय प्रत्येक वसाहतीचा लंडनशी असलेला संबंध शेजारच्या वसाहतीपेक्षा अधिक जवळचा. १७५४ मध्ये ऑल्बनी येथे बेंजामिन फ्रँकलिन यांनी वसाहतींच्या संघाची योजना मांडली, तेव्हा एकाही वसाहतीच्या विधिमंडळाने ती स्वीकारली नाही. पुढे अवघ्या वीस वर्षांनी, सप्टेंबर १७७४ मध्ये, बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले.

या वीस वर्षांत नेमके काय घडले? राष्ट्रभावना आधी तयार झाली आणि तिच्यातून क्रांती झाली, की क्रम उलटा आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, नांदेड)

सर, आपल्या विद्यार्थिनीने दुखऱ्या जागेवरच बोट ठेवले आहे. माझे मत स्पष्ट सांगतो. वसाहतींमध्ये हळूहळू एक वेगळे राष्ट्र आकाराला येत होते आणि ते पुरेसे मोठे झाल्यावर इंग्लंडपासून अलग झाले, हे चित्र पुराव्याला धरून नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या वसाहती एकमेकींच्या फारशा जवळ आल्या नव्हत्या. उलट त्या सगळ्या अधिकाधिक इंग्रजी वळणाच्या होत चालल्या होत्या. तिथल्या सुखवस्तू घरांत इंग्लंडचे कापड, इंग्लंडच्या कपबशा, तिथल्याच धर्तीची घरे आणि तिथलेच कायदे होते. फ्रान्सविरुद्धचे सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले, तेव्हा आपण ब्रिटिश असल्याचा अभिमान वसाहतींत शिगेला पोहोचला होता.

या निष्ठेचा एक ठळक पुरावा न्यूयॉर्कमध्ये पाहायला मिळतो. मुद्रांक कायदा मार्च १७६६ मध्ये रद्द झाला, त्याच्या आनंदात तिथल्या विधिमंडळाने ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा उभारण्याचा ठराव केला. सोन्याचा मुलामा दिलेला तो शिशाचा पुतळा १७७० मध्ये प्रत्यक्ष उभा राहिला. ९ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा शहरात वाचून दाखवण्यात आला आणि त्याच संध्याकाळी जमावाने हा पुतळा दोर लावून पाडला. त्याचे बरेचसे शिसे कनेटिकटमधील लिचफिल्ड गावी नेऊन त्याच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या गेल्या. पुतळा उभा राहण्यात आणि पडण्यात सहा वर्षांचेही अंतर नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली स्वतंत्र राष्ट्रभावना असती, तर मुळात हा पुतळा उभारलाच गेला नसता.

मग हे लोक एकत्र आले कसे? माझ्या मते ‘आम्ही ब्रिटिश आहोत’ या आग्रहातूनच आले. आपल्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून आपल्यावर कर बसू नये, हा इंग्रज माणसाचा जुना हक्क. तो हक्क आपल्यालाही आहे, असे ते म्हणत होते. पार्लमेंटचे उत्तर असे, की तुम्ही मत दिले नसले तरी आम्ही साम्राज्यातील सर्वांचेच प्रतिनिधी आहोत. ज्या दिवशी मुद्रांक कायदा रद्द झाला, त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा करून वसाहतींना ‘सर्व बाबतींत’ बांधील करण्याचा आपला अधिकार घोषित केला. ज्यांना आपण स्वकीय समजत होतो ते आपल्याला बरोबरीचे मानत नाहीत, ही जाणीव प्रत्येक वसाहतीत स्वतंत्रपणे झाली, पण जवळजवळ एकाच वेळी झाली. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, तेव्हा साउथ कॅरोलिनाचे ख्रिस्तोफर गॅड्सडेन यांनी असा विचार मांडला, की या खंडावर न्यू इंग्लंडवाला किंवा न्यूयॉर्कवाला असा कोणी उरू नये, आपण सगळे अमेरिकन असावे. ही त्यांची इच्छा होती. तेव्हाची वस्तुस्थिती नव्हे.

वस्तुस्थिती बदलली ती बहिष्काराने, आणि पाठ्यपुस्तके नेमक्या याच गोष्टीला एका वाक्यात उरकतात. ब्रिटिश माल न घेण्याची चळवळ १७६५ पासून तीन टप्प्यांत झाली. पहिल्या दोन वेळी ती प्रामुख्याने व्यापाऱ्यांचे करार आणि एकेका शहराचा निश्चय यांवर चालली, आणि १७७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी माघार घेताच कोलमडली. तिसऱ्या वेळी, ऑक्टोबर १७७४ मध्ये, फिलाडेल्फियात जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या परिषदेने, म्हणजे तिथल्या ‘काँग्रेस’ने, एक करारनामा केला आणि प्रत्येक काउंटी, शहर व गाव यांत मतदारांनी निवडलेली समिती नेमावी, असे ठरवले. या समित्यांनी लोकांच्या वर्तनावर लक्ष ठेवायचे आणि करार मोडणाऱ्याचे नाव वृत्तपत्रात छापायचे. करारनाम्याचे आठवे कलम विद्यार्थ्यांना जरूर वाचून दाखवा. त्यात घोड्यांच्या शर्यती आणि कोंबड्यांच्या झुंजी यांना आळा घालण्यास सांगितले आहेच. शिवाय घरात मृत्यू झाला तरी पुरुषांनी दंडाला किंवा टोपीला काळी फीत आणि स्त्रियांनी काळी फीत व गळ्यातील माळ, यापलीकडे सुतकाचा पोशाख करू नये, तसेच अंत्यविधीला आलेल्यांना हातमोजे आणि उपरणी वाटण्याची प्रथा बंद करावी, असेही म्हटले आहे. सुतकाचे कापड इंग्लंडहून येत असे, हे त्यामागचे साधे कारण.

जी माणसे कधी एकमेकांना भेटली नाहीत आणि भेटणारही नव्हती, त्यांनी व्हर्जिनियात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये एकच नियम पाळून आपल्या माणसांना निरोप द्यायचा, हे त्या कलमात ठरले. कृती समान झाली, तिचा त्याग समान झाला आणि ती मोडणारा सर्वांचा सारखाच अपराधी ठरला. भावना या कृतीच्या मागोमाग आली, असे मला वाटते.

उत्तर २ (वृत्तपत्र व्यवसायातून निवृत्त, परभणी)

प्राध्यापक महोदयांचे विवेचन मला पटते. मात्र ही कृती एका गावातून दुसऱ्या गावात पोहोचली कशी, हा प्रश्न त्यात मागे राहतो. सर्व वसाहतींना जोडणारी यंत्रणा आधीपासून उभी होती आणि ती गंमत अशी, की साम्राज्यानेच पुरवलेली होती. ती यंत्रणा म्हणजे टपाल. फ्रँकलिन १७५३ पासून वसाहतींच्या टपालाचे एक प्रमुख होते आणि त्यांनी मार्ग व वेळापत्रक यांना शिस्त लावली होती. या टपालातून वृत्तपत्रे एका शहरातून दुसऱ्या शहरात जात, आणि बोस्टनचा मजकूर चार्ल्सटनचा संपादक जसाच्या तसा उचलून छापत असे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

पार्लमेंटने मुद्रांक कर बसवला तोही नेमका छापील कागदावर, म्हणजे मुद्रक, वकील आणि व्यापारी या सर्वांत बोलक्या वर्गांवर. कर लागू होण्याच्या आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १७६५ रोजी, फिलाडेल्फियाच्या ‘पेनसिल्व्हेनिया जर्नल’ने आपले पहिले पान जाड काळ्या चौकटींनी थडग्याच्या आकारात छापले, त्यावर कवटी काढली आणि वृत्तपत्राचे प्राणोत्क्रमण होत असल्याचे जाहीर केले. छपाईच्या ज्या खिळ्यांनी (धातूच्या अक्षरांनी) एरवी जाहिराती छापायच्या, तेच खिळे जुळवून मुद्रकाने तो निषेध उभा केला होता. मी छपाईच्या धंद्यात आयुष्य काढले असल्यामुळे ते पान पाहताना मला त्या जुळाऱ्याचे हात दिसतात.

१७५४ चे फ्रँकलिन यांचे तुकडे केलेल्या सापाचे चित्रही वर्गात दाखवावे. त्यात आठ तुकडे आहेत. न्यू इंग्लंडच्या चार वसाहती मिळून एकच तुकडा केला आहे आणि जॉर्जिया तर चित्रात नाहीच. शिवाय ते चित्र फ्रान्सविरुद्ध एकजूट व्हावी म्हणून काढलेले होते, राजाविरुद्ध नव्हे. पुढे त्याच सापाला वसाहतींच्या वृत्तपत्रांनी पार्लमेंटविरुद्ध पुन्हा छापले.

उत्तर ३ (स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी विद्यार्थिनी, लातूर)

दोन्ही ज्येष्ठांचे विवेचन वाचून खूप शिकायला मिळाले. तरीही दोन शंका मांडल्याशिवाय राहवत नाही.

पहिली शंका अशी, की समान हक्क, समान संताप आणि समान टपाल यांतून राष्ट्र घडत असेल, तर वसाहती तेराच का फुटल्या? जमैका, बार्बाडोस आणि नोव्हा स्कोशिया याही ब्रिटनच्याच वसाहती होत्या. मुद्रांक कायद्याविरुद्ध सेंट किट्स आणि नेव्हिस या कॅरिबियन बेटांवरही दंगे झाले होते. नोव्हा स्कोशियात तर न्यू इंग्लंडहून गेलेल्या लोकांची मोठी वस्ती होती. पण बेटांवर गुलामांची संख्या मालकांच्या कितीतरी पट होती, त्यामुळे बंडाच्या भीतीने मळेवाल्यांना ब्रिटिश फौज हवीच होती. शिवाय त्यांची साखर ब्रिटनच्या संरक्षित बाजारपेठेत खपत होती. नोव्हा स्कोशियाच्या हॅलिफॅक्समध्ये आरमाराचा तळ होता. म्हणजे कोण ‘अमेरिकन’ होणार हे फक्त भावनेने ठरले नाही. कोणाला साम्राज्याची किती गरज होती, यावरही ते ठरले.

दुसरी शंका ‘आपण’ या शब्दात कोण होते, याविषयी आहे. १७७० च्या दशकात या तेरा वसाहतींत सुमारे २५ लाख लोक होते आणि त्यांतील साधारण पाचवा हिस्सा आफ्रिकन वंशाचा, बहुतांशी गुलाम होता. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील त्यांना मुक्त करण्याची घोषणा केली, तेव्हा दक्षिणेतील अनेक मळेवाल्यांचा उरलासुरला संकोच संपला. ऑक्टोबर १७६३ च्या राजघोषणेने ॲपलेशियन पर्वताच्या पश्चिमेला वस्ती करण्यास मनाई केली होती. त्या भागातील जमिनींवर जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासारख्यांचा डोळा होता. राजा मूळ रहिवाशांना आणि गुलामांना आपल्यावर सोडतो आहे, हा आरोप तर खुद्द जाहीरनाम्यात आहे. हे सगळे बाजूला ठेवून केवळ हक्कांची गोष्ट सांगितली, तर तिचा एक मोठा तुकडा गळून पडतो.

प्रश्नकर्ते (अंबाजोगाई)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक पुरवणी प्रश्न विचारतो. आमच्या मुलांना हा विषय समजावताना हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याचा दाखला देणे योग्य होईल का? १९३७ ची परतूरची महाराष्ट्र परिषद, १९३८ चा स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह आणि १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्ती ही त्यांच्या घरातली माहिती आहे. स्वामी रामानंद तीर्थ आमच्याच गावातील योगेश्वरी विद्यालयात शिकवत होते, हेही ती ऐकून आहेत.

उत्तर १ (नांदेड)

दाखला जरूर द्यावा. मात्र साम्य आणि भेद दोन्ही सांगूनच. साम्य संघटनेच्या कामात आहे. सभांवर निर्बंध असताना साहित्य, शिक्षण आणि ग्रंथालये यांच्या निमित्ताने माणसे एकत्र येत गेली, त्यातून परिषदा उभ्या राहिल्या आणि परिषदांनी वेगवेगळ्या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांची एकमेकांशी ओळख करून दिली. परभणीकर मित्रांच्या विषयातले उदाहरणही आहे: आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ साप्ताहिक निजामाच्या हद्दीबाहेर छापले जाई आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघे.

भेद मात्र मूलभूत आहे. मराठवाड्यातील कार्यकर्त्यापुढे एक मोठे राष्ट्र आणि त्याची चालू असलेली चळवळ आधीच उभी होती. त्याला त्यात सामील व्हायचे होते. फिलाडेल्फियात जमलेल्यांपुढे सामील होण्यासारखे काहीच नव्हते. ते ज्या राष्ट्राला आपले समजत होते, त्याच्याशीच त्यांचा झगडा होता. म्हणूनच लेक्झिंग्टनला रक्त सांडल्यानंतरही, जुलै १७७५ मध्ये, काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारला नाही. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन यांच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने राजसत्तेवरच हल्ला चढवला, तेव्हा कुठे सामान्य वाचकाला राजावाचून आपली कल्पना करता येऊ लागली. आमच्याकडे अशा घुसमटीला कारणच नव्हते.

लातूरच्या ताईंच्या शंका मला मान्य आहेत आणि त्यांत एका घराची भर घालतो. फ्रँकलिन यांचा मुलगा विल्यम हा न्यू जर्सीचा गव्हर्नर होता आणि तो अखेरपर्यंत राजाशी एकनिष्ठ राहिला. बाप-लेकांचा संबंध त्यानंतर कधीच सुधारला नाही. एकाच घरात, तेच शिक्षण आणि तीच वृत्तपत्रे वाचून दोन राष्ट्रीयत्वे निर्माण झाली.

उत्तर ३ (लातूर)

धन्यवाद सर. क्रमाविषयीच्या मूळ प्रश्नाला धरून एकच मुद्दा जोडते. तेरा वसाहतींच्या पहिल्या संघाची घटना काँग्रेसने नोव्हेंबर १७७७ मध्ये मंजूर केली, पण ती लागू व्हायला १ मार्च १७८१ उजाडला. व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्यांनी पश्चिमेकडील जमिनींवरचे आपले दावे सोडावेत, यासाठी मेरीलँड अडून बसले होते. युद्ध ऐन भरात असताना एका राज्याने शेजारच्या राज्याच्या जमिनीसाठी तीन वर्षांहून अधिक काळ सही रोखून धरली. याच घटनेत कॅनडाने यायचे म्हटले तर त्याला थेट प्रवेश मिळेल, असे कलमही होते. म्हणजे आपण कोण आणि किती, हे जाहीरनाम्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनीही त्यांचे पुरते ठरलेले नव्हते.