घरकुल अडतं ते जागेवर

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात घरकुलासाठी मिळणाऱ्या १ लाख २० हजारांत घर होत नाही, असं म्हणतात ते खरंच. पण आमच्या खान्देशात कितीतरी घरकुलं त्याआधीच, जागेपायी अडतात. गावठाण कधीच भरलंय आणि सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराच्या नावावर हातभर जमीन नसते. जागेसाठी दीनदयाळ योजनेतून पैसे मिळतात, पण रस्त्याकडचा गुंठा तोडून विकणार कोण? ग्रामपंचायतीने जागेचा ठराव आधी करावा, मंजुरीची यादी मग लावावी.

आणि ‘नगरपालिकेनेच ठेकेदार नेमून बांधून द्यावं’ म्हणणाऱ्यांनी जळगावचं घरकुल प्रकरण, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या घरकुल बांधकामातला घोटाळा आठवावा. २०१९मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्यात शिक्षा सुनावल्या. त्यापेक्षा हप्ता थेट खात्यात आलेला बरा, उशिरा का होईना.