श्रद्धेची गोष्ट सांगणे: संवाद की गळ?

धागाकर्ता: ख्रिस्ती श्रद्धा दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचा सर्वांत सभ्य मार्ग समोरासमोरच्या बोलण्याचा आहे, असे माझे मत आहे. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचेच पाहा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय गृहस्थाशी त्यांच्या गप्पा रंगल्या आणि त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला. वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले, तरी बाप्तिस्मा घेतला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. मधल्या काळातला सारा विचार त्यांचा स्वतःचा होता. यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे?

प्रतिसाद १: आपल्या हकिकतीत टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई कुठे आहेत? डब्यात दोघे विद्वान बोलत होते. त्याची किंमत मात्र लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहणाऱ्या बाईने मोजली. शिवाय गोष्ट कोणत्या परिस्थितीत सांगितली जाते, हे कसे विसरता येईल? इंग्रज धर्मोपदेशक फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण हे ओवीबद्ध काव्य १६१६ साली छापले गेले. त्यातल्या सुमारे अकरा हजार ओव्यांची मराठी रसाळ आहे, हे मीही मानतो. पण ते गोव्यातल्या ज्या सासष्टीत ऐकवले गेले तिथली देवळे पोर्तुगीजांनी १५६७ मध्येच पाडली होती. अशा श्रोत्याला ‘नको’ म्हणण्याची मुभा कितपत होती?

प्रतिसाद २: सासष्टीबद्दल सहमत, लक्ष्मीबाईंबद्दल नाही. त्या काही वर्षांनी टिळकांकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच, सोवळेओवळे सांभाळत. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना स्वतःला पटले, तेव्हा कुणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांनी सुरुवात केली आणि बाप्तिस्मा त्यानंतर घेतला; त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ही बाई कुणाच्या गोड बोलण्याला भुलली असेल, असे निदान मला तरी वाटत नाही. नगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनांची परंपराही १८६०च्या दशकापासूनची आहे. पूर्वरंग, आख्यान, टाळ-मृदंग, सारे आपल्याच वळणाचे. ज्याला ऐकायचे नसेल त्याने खुशाल उठून जावे.

प्रतिसाद ३: कायद्याची बाजूही पाहावी. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात धर्मप्रसाराचा हक्क आहे. मात्र स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे आपल्या श्रद्धेची गोष्ट सांगण्यास आडकाठी नाही.

प्रतिसाद १: कीर्तनाला माझी हरकत नाही. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाला औषधाबरोबर येशूची गोष्ट ऐकवण्याला आहे, कारण औषध कुणाच्या हातून मिळते याचे भान ठेवूनच तो मान डोलावणार.

धागाकर्ता: आणि ख्रिस्ती शेजारीण नुसती विचारपूस करायला आली व खाटेपाशी बसून प्रार्थना करू लागली तर?

प्रतिसाद १: आधी विचारून केली, तर माझी ना नाही.